कॅन्यनलँड्समध्ये पिकअपने मुक्कामी फिरायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या युटा राज्यात मोआब गावाच्या आजूबाजूला लाल कड्यांचा आणि खोल घळींचा मोठा मुलूख पसरलेला आहे. तिथे पिकअप घेऊन कच्च्या रस्त्यांवर दोन-चार रात्री काढायची इच्छा असणारे आणि त्यासाठी तयारीला लागलेले लोक जे प्रश्न नेहमी विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. इथे मदत लवकर पोचत नाही. त्यामुळे पाणी, वेळ आणि इंधन तिन्ही हाताशी शिल्लक ठेवूनच निघावं लागतं. बरीचशी उत्तरं त्याच हिशोबातून आलेली आहेत.

पहिल्यांदाच जातोय. सुरुवात कुठून करावी?

कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यान १९६४ साली स्थापन झालं. ग्रीन आणि कोलोराडो या दोन नद्यांनी त्याचे तीन भाग केले आहेत: आयलंड इन द स्काय, नीडल्स आणि मेझ. नकाशावर ते शेजारी शेजारी दिसतात, पण एकातून दुसऱ्यात जायचं तर गाडीने कित्येक तासांचा वळसा पडतो. एकाच सहलीत तिन्ही भाग उरकायचा बेत केला, तर निम्मा वेळ हायवेवरच जाईल.

पहिल्या मुक्कामी सहलीसाठी आयलंड इन द स्कायच्या पठाराला खालून वळसा घालणारा व्हाइट रिम रोड घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. हा वळसा सुमारे १०० मैलांचा, म्हणजे १६० किलोमीटरचा आहे. वाट चुकण्यासारखी नाही, मुक्कामाच्या जागा ठरलेल्या आहेत, आणि बहुतेक रस्ता सरावलेल्या नव्हे तर सावध चालकाला जमेल असा आहे. कठीण टप्पे मोजके आहेत: शेफरचा घाट, मर्फी हॉगबॅकचा चढ, हार्डस्क्रॅबल टेकडी.

त्याआधी गाडीची आणि स्वतःची परीक्षा घ्यायची असेल, तर कॅपिटल रीफ उद्यानातला कॅथीड्रल व्हॅलीचा वळसा चांगला. सुमारे ५८ मैलांचा आहे. मात्र त्यात फ्रेमाँट नदी गाडीने ओलांडावी लागते, म्हणून पाणी किती आहे ते त्याच दिवशी रेंजरकडून विचारून घ्यावं.

व्हाइट रिमला किती दिवस लागतात?

तीन दिवस आणि दोन रात्री. एका दिवसात करणारे आहेत, पण मग दिवसभर स्टिअरिंगशिवाय काही दिसत नाही. इथे अंतर मैलांत न मोजता तासांत मोजायचं. ताशी १० ते १५ मैलांच्या वर सरासरी धरू नका, आणि त्यात फोटोसाठी, जेवणासाठी, समोरून आलेल्या गाडीला वाट देण्यासाठी थांबणं धरलेलं नाही. शेफरकडून उतरून घड्याळाच्या दिशेने निघालात, तर पहिली रात्र गूजबेरी किंवा व्हाइट क्रॅकला आणि दुसरी पोटॅटो बॉटम किंवा हार्डस्क्रॅबलला असं विभागलं की रोजचा पल्ला बेताचा राहतो. व्हाइट क्रॅकला एकाच गटाची जागा आहे. मिळाली तर सोडू नका.

परमिट कसं काढायचं?

रात्रीच्या मुक्कामालाच नव्हे, तर दिवसाच्या फेरीलाही परमिट लागतं. मुक्कामाचं परमिट ऑनलाइन निघतं आणि प्रत्येक हंगामाचं आरक्षण त्या हंगामाच्या चार महिने आधी खुलं होतं. वसंत आणि शरद ऋतूतल्या शनिवार-रविवारच्या जागा लगेच जातात. म्हणून आरक्षण खुलं होण्याआधीच दोन-तीन पर्यायी तारखा आणि पर्यायी कँपसाइटचा क्रम कागदावर लिहून ठेवा. आठवड्याच्या मधल्या दिवशी निघता आलं तर निम्मं काम झालं.

परमिटवर जी जागा आणि जी तारीख असते, तिथेच त्या रात्री पोचावं लागतं. म्हणून जागा निवडताना आधी रोजचे तास मोजा, मग आरक्षण करा. व्हाइट रिमवर एका गटात जास्तीत जास्त १५ माणसं आणि ३ गाड्या चालतात.

आमची ऑल-व्हील ड्राइव्ह एसयूव्ही आहे. चालणार नाही का?

नाही. उद्यानाच्या या रस्त्यांवर उंच ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर) आणि लो रेंज असलेली फोर-व्हील ड्राइव्ह गाडी हा नियमच आहे. लो रेंजमध्ये इंजिनाची ताकद अगदी कमी वेगात चाकांपर्यंत पोचते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे उतारावर गाडीला इंजिनच धरून ठेवतं. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीत ही सोय बहुधा नसते. मग सगळा भार ब्रेकवर येतो आणि लांब उतारावर ब्रेक तापतात.

गाडी भाड्याची असेल तर करार ओळ न ओळ वाचा. विमानतळावरच्या भाड्याच्या गाड्या कच्च्या रस्त्यावर न्यायला बहुतेक करारांत मनाई असते आणि तिथे झालेल्या नुकसानीला विमाही लागू होत नाही. मोआबमध्ये खास या रस्त्यांसाठी गाड्या भाड्याने मिळतात, पण त्यांच्याही करारात अमुक रस्ते वर्ज्य अशी यादी असते. एटीव्ही आणि तत्सम छोट्या वाहनांना या उद्यानात बंदी आहे.

कोणता काळ चांगला?

एप्रिल-मे, किंवा सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर अखेरपर्यंत. उन्हाळ्यात पारा सहज ३८ अंशांच्या वर जातो आणि व्हाइट रिमवर सावलीला झाड क्वचितच सापडतं. जुलैच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत दुपारी वादळी पाऊस येतो. वसंतात ग्रीन नदीला बर्फाचं पाणी येतं, तेव्हा पोटॅटो बॉटमजवळचा रस्ता कधीकधी पाण्याखाली जातो. हिवाळ्यात शेफरसारख्या घाटात बर्फ साचून रस्ता बंद होऊ शकतो. आणि चांगल्या काळातही दिवस-रात्रीच्या तापमानात २० अंशांहून अधिक फरक पडतो. दुपारी टी-शर्टवर फिरलात तरी रात्री जाड स्लीपिंग बॅग लागेलच.

पाणी किती न्यावं?

या प्रश्नावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सहल फसते ती बहुधा इथेच.

व्हाइट रिमच्या संपूर्ण वाटेवर पिण्याचं पाणी नाही. नळ नाही, झरा नाही, दुकान नाही. उद्यानाचा सल्ला दिवसाला माणशी किमान ४ लिटरचा आहे, आणि तो फक्त पिण्याचा. स्वयंपाक, हात-तोंड धुणं, भांडी हे धरून मी माणशी ६ लिटर धरायला सांगेन. दोन माणसं, तीन दिवस म्हणजे ३६ लिटर. त्यावर एक जादा दिवस, आणखी १२. झाले ४८ लिटर. हा जादा दिवस पावसाने अडकलात, अ‍ॅक्सल गेला किंवा दुसऱ्या कुणाची गाडी वाटेत बंद पडलेली भेटली, तर उपयोगी पडतो.

सगळं पाणी एकाच मोठ्या टाकीत ठेवू नका. खडबडीत रस्त्यावर टाकी घासून चिरली, झाकण सैल झालं, तोटी तुटली, की हळूहळू सगळं पाणी पिकअपच्या मागच्या हौद्यात सांडतं आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही. दहा-वीस लिटरचे तीन-चार कॅन घ्या, खाली रबरी चटई घाला, पट्ट्याने आवळा आणि दुपारी एकदा हात लावून ओल आहे का ते पाहा.

ग्रीन नदीचं पाणी आणीबाणीचं समजावं. ते इतकं गढूळ असतं की फिल्टर थेट लावला तर काही मिनिटांत तुंबतो. आधी बादलीत तुरटी फिरवून गाळ खाली बसू द्यावा, मग वरचं पाणी गाळून, निर्जंतुक करून घ्यावं. खडकातल्या खळग्यांत साठलेल्या पाण्याला मात्र हात लावू नका. त्यात इवले कोळंबीवर्गीय जीव आणि बेडकांची पिल्लं वाढत असतात, आणि तेवढं पाणी हेच त्यांचं सगळं जग आहे. त्यात भांडी विसळणं किंवा सनस्क्रीन लावलेले पाय बुडवणंही त्यांच्या जिवावर बेततं.

पिकअप आहे, मग सामान हवं तेवढं भरता येईल ना?

चालकाच्या दाराच्या खांबावर एक स्टिकर असतो. त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. आकडा वाचून बरेच जण चकित होतात. चार माणसं, ५० किलो पाणी, छतावरचा तंबू, फ्रिज, जादा बॅटरी, हत्यारं असं करत तो कधी ओलांडला जातो ते कळत नाही. जड सामान खाली आणि केबिनच्या जवळ ठेवा. छतावर वजन जितकं जास्त, तितकी तिरक्या वाटेवर गाडी कलंडायची भीती जास्त.

तंबू कोणता, फ्रिज हवा की बर्फाचा डबा, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा भाग आहे. त्यावर घालवलेला वेळ टायरवर घालवावा.

टायरमधली हवा कमी करायची म्हणतात. ती किती आणि का?

हवा कमी केली की टायरचा जमिनीला टेकलेला भाग लांब होतो. वजन जास्त जागेवर विभागलं जातं, त्यामुळे वाळूत चाक रुतत नाही, आणि अणकुचीदार दगडावर रबर ताठ न राहता दबून त्याच्यावरून जातं. गाडीचे हादरेही कमी होतात, हे तर मागच्या सीटवर बसलेल्यांना पहिल्या मैलातच कळतं.

हायवेवर ३५ ते ४० पीएसआय असेल तर खडकाळ कच्च्या रस्त्यावर २० ते २२ पासून सुरुवात करा, खोल वाळूत १५ च्या आसपास या. गाडी जड असेल तर थोडी जास्त हवा ठेवा. सकाळी टायर थंड असताना मोजा, कारण चालून तापल्यावर आकडा वर जातो. प्रत्येक चाकाशी बसून व्हॉल्व्हची टोपी खिशात घाला, थोडी थोडी हवा सोडा, गेज लावा, पुन्हा सोडा. चारही चाकांना वेळ लागतो, लागू द्या. टायरच्या बाजूची भिंत किंचित फुगलेली दिसली की अंदाज बरोबर आला. मात्र आता ती फुगलेली भिंतच दगडाला घासायची शक्यता जास्त असते. म्हणून धारेच्या दगडाशेजारून चाक रेटू नका, जमेल तर त्याच्यावर चढवा.

डांबरी रस्त्यावर आल्यावर हवा परत भरायलाच हवी. कमी हवेने वेगात पळवलं की टायर तापून फुटू शकतो. म्हणून स्वतःचा कॉम्प्रेसर लागतो. सोबत पंक्चर किट आणि पूर्ण मापाची स्टेपनी हवी. किटने बुजतं ते जमिनीला टेकणाऱ्या भागातलं छिद्र. बाजूची भिंत चिरली तर स्टेपनीच चढवावी लागते. घरून निघण्याआधी स्टेपनी एकदा खाली उतरवून पाहा. पिकअपच्या पोटाखाली वर्षानुवर्षं टांगलेल्या स्टेपनीची साखळी गंजून अडकलेली असू शकते. जॅकखाली ठेवायला जाड फळी न्या, नाहीतर वाळूत चाक वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो.

शेफरच्या घाटाची भीती वाटते. उतरायचं कसं?

भीती वाटणं योग्यच आहे. सुमारे ४५० मीटरचा उतार, एका बाजूला वालुकाश्माची उभी भिंत, दुसरीकडे मोकळी दरी, आणि कठडा नाही. तरी रस्ता रुंदीला बरा आहे आणि दगडी पायऱ्या फारशा नाहीत.

वरच्या सपाटीवरच थांबून लो रेंज टाका, पहिल्या गिअरला या आणि ब्रेकवरचा पाय सैल सोडा. गाडी इंजिनाच्या आधारावर चालीच्या वेगाने उतरेल. ब्रेक लावायचा तो वळणाआधी, थोडा वेळ, मग सोडून द्यायचा. सतत दाबून धरू नका. निघण्यापूर्वी वरून खालचा रस्ता नजरेखालून घाला. धुळीचा लोट दिसला म्हणजे कुणीतरी वर येत आहे. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं असतं, तेव्हा रुंद जागा बघून तिथेच थांबा. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या. शेजारी बसलेल्याने फोटो काढावेत, चालकाने नाही.

गाडी वळणावर एका झटक्यात वळली नाही तर घाई करू नका. एका माणसाला खाली उतरवून मागचं चाक बघायला सांगा आणि मग मागे घ्या.

वाटेत पाऊस आला तर?

इथे दोन वेगळे धोके आहेत.

पहिला मातीचा. या भागातल्या चिनले नावाच्या थरात बेंटोनाइट चिकणमाती असते. कोरडी असताना टणक, पण भिजली की ओल्या साबणासारखी निसरडी. टायरच्या खाचा मिनिटभरात भरून गुळगुळीत होतात आणि फोर-व्हील ड्राइव्ह असूनही चारही चाकं एकदम घसरतात. अशा वेळी उपाय एकच, थांबणं. ऊन आणि वारा लागला की बहुधा दिवसाभरात रस्ता वाळतो. ओल्या चिखलात रेटलेली गाडी खोल चाकोऱ्या पाडते आणि पुढच्या प्रत्येकासाठी रस्ता खराब करते, हेही लक्षात घ्या.

दुसरा धोका लोंढ्याचा. उघड्या खडकात पाणी मुरत नाही, सरळ घळीत उतरतं. डोक्यावर निळं आकाश असताना कित्येक मैल दूर पडलेल्या पावसाचं पाणी तुमच्या कोरड्या ओढ्यात येऊ शकतं, आणि ते चिखल, दगड, ओंडके घेऊन येतं. ओढ्याच्या पात्रात गाडी उभी करून जेवायला बसू नका, तंबू तर नाहीच नाही. पाणी वाहत असेल तर ओलांडायचा प्रयत्न न करता उंचावर थांबा. असा लोंढा बहुतेक वेळा काही तासांत ओसरतो. ऑगस्ट २०१० मध्ये वादळी पावसाने मिनरल बॉटमच्या घाटाचा रस्ताच वाहून गेला आणि कित्येक महिने बंद होता. व्हाइट रिमच्या वळशाचं ते पश्चिमेचं तोंड आहे. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी रेंजर केंद्रात रस्त्यांची स्थिती विचारणं चुकवू नका.

फोनला रेंज मिळते का?

पठारावर कुठे कुठे, खाली जवळजवळ नाहीच. उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण सोबत हवं. घळीत आकाशाचा तुकडा लहान दिसतो, त्यामुळे संदेश जायला वेळ लागतो. फोनमधल्या वाट दाखवणाऱ्या अ‍ॅपवर विसंबू नका. ते गाडीला न झेपणाऱ्या जुन्या वाटांनाही रस्ता समजतं. कागदी नकाशा पुढच्या सीटवर असू द्या.

घरी एका जबाबदार माणसाकडे चार गोष्टी लिहून द्या: मार्ग आणि रोजचा मुक्काम, गाडीचा नंबर आणि रंग, बाहेर पडण्याची वेळ, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर उद्यानाला फोन करायचा ती वेळ. शेवटची गोष्ट लोक विसरतात.

गाडी बंद पडली तर?

गाडीपाशीच थांबा. वरून शोधणाऱ्याला माणसापेक्षा गाडी लवकर दिसते, शिवाय पाणी आणि सावली तिथेच आहे. या भागातून गाडी ओढून बाहेर काढायचा खर्च हजार डॉलरच्या वर सहज जातो आणि तो तुम्हालाच भरावा लागतो. दोन गाड्या एकत्र असतील तर निम्मी काळजी मिटते.

पेट्रोलचं काय?

उद्यानात पंप नाही. मोआबमध्ये टाकी काठोकाठ भरा. लो रेंजमध्ये आणि वाळूत गाडी नेहमीपेक्षा बरंच जास्त पेट्रोल पिते, म्हणून हायवेच्या हिशोबाच्या दुप्पट धरून चाला.

शौचालय आणि शेकोटी?

व्हाइट रिमच्या कँपसाइटवर साधी शौचालयं आहेत. तिथे पाणी नसतं, हात धुण्याची सोय आपली आपण करायची. मेझमध्ये गाडीने मुक्काम करणाऱ्यांनी फिरतं शौचालय सोबत नेऊन सगळं परत आणायचं असतं. व्हाइट रिमवर लाकडाची शेकोटी चालत नाही, स्वयंपाक गॅसवर. थंडी वाजली तरी बंद तंबूत किंवा पिकअपच्या टपाखाली शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतला माणूस उठत नाही.

रस्ता सोडून दोन पावलं बाजूला गाडी घेतली तर काय बिघडतं?

खाली बसून जमीन बघा. झुडपांमधल्या वाळूवर काळपट, खडबडीत, बोटाच्या पेराएवढे उंचवटे असलेला थर दिसेल. ती जिवंत माती आहे. सायनोबॅक्टेरियाचे सूक्ष्म धागे वाळूच्या कणाकणांतून गेलेले असतात, त्यांच्या चिकट आवरणाने कण एकमेकांना धरून राहतात, आणि वर दगडफूल व शेवाळ वाढतं. वाळू वाऱ्याने उडत नाही, पाणी टिकतं, झाडांना नायट्रोजन मिळतो, तो याच थरामुळे. एका बुटाखाली तो कुरकुरत मोडतो. गाडीच्या चाकाने त्याची लांब पट्टीच उखडते. पूर्ववत व्हायला कित्येक दशकं लागतात. तोवर त्या पट्टीतून वाळू उडून शेजारच्या धड थरावर बसते आणि तोही मरतो.

१९५०च्या दशकात युरेनियमच्या शोधात आलेल्यांनी हे रस्ते पाडले. व्हाइट रिम रोडही त्यातलाच. तेव्हा उघड्या माळावर फिरलेल्या चाकांच्या खुणा आजही काही ठिकाणी ओळखू येतात. म्हणून समोरून गाडी आली तरी मातीत उतरू नका, रुंद जागेपर्यंत मागे या. पायी फिरताना खडकावरून किंवा कोरड्या ओढ्याच्या वाळूतून चाला. जुन्या खाणींची तोंडं वाटेत दिसतील, आत जाऊ नका.

कुत्रा नेता येईल? ड्रोन?

दोन्ही नाही. या कच्च्या रस्त्यांवर कुत्रा गाडीत बसून राहिला तरी चालत नाही. ड्रोनला राष्ट्रीय उद्यानांमध्ये बंदीच आहे.

लहान मुलं सोबत आहेत. न्यावं का?

न्यावं, पण रोजचा पल्ला अजून कमी करून. कँपसाइट कड्यापासून फार दूर नसतात आणि कडा कुठे संपतो ते संधिप्रकाशात नीट कळत नाही. अंधार पडण्यापूर्वी मुलांना हद्द चालून दाखवा. सकाळी बूट झटकून घाला, विंचू असतात.

खडकावर जुनी चित्रं आणि भिंती दिसल्या तर?

बघा, पण हात लावू नका. त्वचेचं तेल रंगाला मारक ठरतं. पूर्वी इथे राहिलेल्या लोकांनी धान्य साठवायला बांधलेली दगड-मातीची कोठारं दिसायला भक्कम वाटली तरी टेकलं की ढासळतात. मातीच्या भांड्याचा तुकडा सापडला तर जागच्या जागी राहू द्या. १९७९च्या पुरातत्त्व संरक्षण कायद्याने असे अवशेष उचलणं गुन्हा आहे, आणि या मुलखातल्या मूळ रहिवाशांच्या आजच्या पिढ्यांसाठी ती पूर्वजांची घरं आहेत.

व्हाइट रिम झाला. आता मेझला जावं का?

लगेच नको. हायवे २४ सोडल्यावर हान्स फ्लॅटचं रेंजर ठाणंच ४६ मैलांच्या कच्च्या रस्त्यावर आहे, आणि अवघड भाग त्याच्यापुढे सुरू होतो. तिथे पाणी मिळत नाही, पेट्रोल नाही. आधी नीडल्समधली एलिफंट हिल करून पाहा. दगडी पायऱ्या, सुटे धोंडे, आणि एके ठिकाणी वळायला जागा नसल्यामुळे गाडी उलटीच घ्यावी लागते. ती दिवसाउजेडी, दुसऱ्या गाडीच्या सोबतीने, कुठेही न घासता पार पडली, तर मेझचा विचार करावा, आणि मग किमान तीन दिवस काढून.

बाहेर पडल्यावर लगेच काय करावं?

डांबर लागताच चारही टायरमध्ये हवा भरा. चाकांचे नट आवळून पाहा, हादऱ्यांनी सैल होतात. गाडीखाली वाकून तेल गळतंय का, एखादी फांदी किंवा दगड अडकलाय का ते बघा. आणि रेंज आली की पहिला फोन त्या घरच्या माणसाला करा, नाहीतर ठरल्या वेळी तो उद्यानाला कळवेल आणि रेंजर तुम्हाला शोधायला निघतील.